घरचें आरोग्य : मनानें हलविलेला हात

या सदराकडे येणारीं बहुतेक पत्रें पथ्यपाण्याचीं असतात आणि त्यांचीं उत्तरें चार ओळींत देतां येतात. परंतु गेल्या महिन्यांत एका भगिनीचें जें पत्र आलें, तें चार ओळींत आटोपण्याजोगें नाहीं. शिवाय त्यांत विचारलेला प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जात असला पाहिजे, म्हणून या महिन्याचें सगळें सदर त्यालाच देत आहें.

पत्राचा मथितार्थ असा : या बाईंच्या मामंजींना सात महिन्यांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका आला. मामंजी निवृत्त शिक्षक. सारें आयुष्य फळ्यावर सुवाच्य अक्षर काढण्यांत गेलेलें. मेंदूच्या डाव्या बाजूस रक्ताची गुठळी अडकली आणि उजवें अंग लुळें पडलें. वेळेवर रुग्णालयांत नेल्यामुळें वाचा राहिली, पायही पुष्कळ सुधारला. काठी घेऊन ते अंगणांत फिरतात. उजवा हात मात्र मागें राहिला. खांदा थोडा उचलतो, बोटें अर्धवट मिटतात, पण उघडतांना कोणी ओढून धरल्यासारखीं अडतात. चार महिने फिजिओथेरपिस्ट घरीं येत असत. मग पुतण्यानें कोठेंसें वाचलें कीं, हात हलविण्याची नुसती कल्पना केली तरी मेंदू सुधारतो. त्या दिवसापासून मामंजी रोज सकाळीं तासभर आरामखुर्चींत डोळे मिटून बसतात, आणि व्यायाम त्यांनीं सोडून दिला आहे. सासूबाईंना हें पसंत आहे, कारण व्यायामाच्या वेळचें त्यांचें कण्हणें सासूबाईंना ऐकवत नसे. थोरल्या दिरांना हा सारा आळसाचा बहाणा वाटतो. “घरांत दोन तट पडले आहेत,” बाई लिहितात, “आणि मी कांहीं बोललें तर तो लहान तोंडीं मोठा घास होतो. आपण छापून दिलेंत तर दोन्ही बाजू वाचतील.”

छापून देतों, पण दोन्ही बाजूंना थोडें थोडें ऐकून घ्यावें लागेल.

प्रथम पुतण्याची बाजू घेतों, कारण त्यानें वाचलें तें खोटें नाहीं. वाचकांनीं हा अंक क्षणभर मांडीवर ठेवावा, डोळे मिटावे, आणि मनांतल्या मनांत डाव्या हातानें पंचपात्रींतली पळी उचलून उजव्या तळहातावर पाणी घ्यावें. आतां स्वतःलाच विचारावें कीं, आपण नेमकें काय केलें? कांहीं जणांना देवघराच्या दारांत उभें राहून दुसऱ्याच कोणाला आचमन करतांना पाहिल्यासारखें वाटलें असेल. कांहींना पळीचा थंडपणा, तिचें वजन, पाणी सांडूं नये म्हणून मनगटाला दिलेला किंचित् बांक, हें सारें आंतून जाणवलें असेल. पहिलें नुसतें पाहणें झालें. दुसरें करणें झालें. आजच्या विषयाचें सारें मर्म या दुसऱ्या प्रकारांत आहे.

हें ‘करणें’ मेंदूला खऱ्या करण्याच्या किती जवळचें वाटतें, याचा शोध गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ लागला आहे. फ्रान्समध्यें लियों शहरीं मार्क जानरो व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं एक गंमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. ठराविक अंतर चालून जाण्यास माणसाला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच वेळ तेंच अंतर मनानें चालून जाण्यास लागतो, असें त्यांना आढळलें. आणि पाठीवर २५ किलोंचें ओझें दिलें तर मनांतली चालही मंदावली. मन क्षणांत काशीला जाऊन येतें असें आपण म्हणतों, आणि तें चित्र पाहण्यापुरतें खरें आहे. पण पायीं जाण्याची कल्पना करावयाची म्हटली तर मनालाही पावलें मोजावीं लागतात. त्यापूर्वीं १९८० सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं मेंदूंतील रक्तप्रवाह मोजून पाहिला होता. बोटें प्रत्यक्ष हलविलीं असतां मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांपैकीं हालचालीची आंखणी करणारा भाग बोटें न हलवितां नुसती कल्पना केली तरी जागा होतो, असें त्यांना दिसलें. पुढें अधिक सूक्ष्म यंत्रें आलीं, आणि कल्पना व कृति यांचे रस्ते मेंदूंत बरेच अंतर एकत्र जातात हें पक्कें झालें. शेवटच्या टप्प्यावर मात्र ते वेगळे होतात : कल्पनेंत हुकूम तयार होतो, पण तो स्नायूपर्यंत पोंचूं दिला जात नाहीं.

माझ्या मतें सर्वांत बोलका प्रयोग १९९५ सालचा, अल्वारो पास्कुआल-लेओने यांचा. पियानो न येणाऱ्या कांहीं माणसांना त्यांनीं एका हाताच्या पांच बोटांनीं वाजविण्याची एक सोपी सुरावट शिकविली. एका गटानें ती रोज दोन तास याप्रमाणें पांच दिवस प्रत्यक्ष वाजविली. दुसरा गट तितकाच वेळ वाद्यासमोर बसला, पण बोट हलवावयाचें नाहीं, मनानेंच वाजवावयाचें. रोज डोक्यावरून चुंबकीय लहरी सोडून मेंदूंतील बोटांचा प्रदेश मोजला जाई. पांच दिवसांत तो प्रदेश दोन्ही गटांत सारखाच विस्तारला. येथपर्यंतची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पुतण्यानेंही बहुधा एवढीच वाचली असावी. पुढची हकीकत अशी कीं, पांचव्या दिवशीं मनानें वाजविणाऱ्यांचें वादन प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकेंच झालें होतें, आणि उरलेली कसर त्यांनीं दोन तास प्रत्यक्ष वाजविल्यावर भरून निघाली. म्हणजे मनानें मशागत झाली होती, यांत संशय नाहीं. पण पीक हातानेंच काढावें लागलें.

शक्तीचेंही असेंच आहे. अमेरिकेंतील यू व कोल यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत करंगळी बाहेर ताणण्याचा सराव चार आठवडे करविला. प्रत्यक्ष ताणणाऱ्यांचें बळ ३० टक्क्यांनीं वाढलें, नुसती कल्पना करणाऱ्यांचें २२ टक्क्यांनीं, आणि कांहींच न करणाऱ्यांचें चार टक्क्यांच्या आंत. हीं सर्व धडधाकट माणसें होतीं, हें लक्षांत ठेवावें.

मानसपूजा आपल्या घरांना नवी नाहीं. प्रवासांत किंवा आजारपणांत आवाहनापासून नैवेद्यापर्यंत एकेक उपचार क्रमानें, घाई न करतां मनानें अर्पण करणारीं वडील माणसें वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलीं असतील. या उपायाचें वळण त्यांना लगेच कळेल. मात्र यावरून आपल्या पूर्वजांना मेंदूचें हें शास्त्र ठाऊक होतें असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसावयाचें नाहीं. मानसपूजेचा हेतु निराळा, आणि फुलपात्र उचलण्याचा हेतु निराळा.

आतां रोग्याकडे वळूं. अर्धांगवायूंत हाताचे स्नायु मेलेले नसतात. त्यांना हुकूम पाठविणाऱ्या मेंदूचा कांहीं भाग रक्ताअभावीं निकामी झालेला असतो. त्या भागाच्या सभोंवारचे व समोरच्या बाजूचे शाबूत भाग त्याचें काम थोडेंबहुत शिकूं शकतात, पण शिकण्यास पुनःपुनः गिरविणें लागतें. अडचण येथेंच आहे. लुळा हात दहा-बारा वेळां उचलला कीं थकतो, खांदा दुखूं लागतो, माणूस चिडतो. मनानें तीच हालचाल आणखी पन्नास वेळां करतां आली, तर गिरविण्याची संख्या वाढते आणि खांद्याला त्रास होत नाहीं. एवढाच या उपायाचा आधार आहे, आणि तो थोडाथोडका नव्हे.

स्टीफन पेज यांनीं अमेरिकेंत ३२ रोग्यांवर केलेला प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. झटका येऊन सरासरीनें साडेतीन वर्षें लोटलेले हे रोगी होते. म्हणजे ज्यांच्याबद्दल घरचे लोक “आतां आहे तें असें” म्हणूं लागतात, असे. सर्वांना सहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्धा तास हाताचा व्यायाम मिळाला. त्यानंतर अर्ध्या जणांनीं ध्वनिमुद्रित सूचना ऐकत त्याच क्रिया मनानें केल्या : पेला धरणें, पुस्तकाचें पान उलटणें, लेखणी वापरणें. उरलेल्या अर्ध्यांना तितकाच वेळ अंग सैल सोडून पडण्याच्या सूचना ऐकविल्या. ज्यांनीं मनानें सराव केला त्यांचे हात स्पष्टपणें अधिक सुधारले. मात्र या रोग्यांना मनगट व बोटें थोडीं तरी हलवितां येत होतीं, हें विसरूं नये.

आणि आतां थोरल्या दिरांची बाजू. २०११ सालीं ब्रिटनमधील १२१ रोग्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर सहा महिन्यांच्या आंतले हे रोगी. चार आठवडे त्यांच्याकडून कसून मनाचा सराव करवून घेतला होता. पण पेज यांच्या प्रयोगाप्रमाणें त्याच क्रियांचा हातानें सराव त्याला जोडलेला नव्हता. निष्पन्न कांहीं झालें नाहीं. नेहमींचे उपचार घेणाऱ्यांहून त्यांचे हात तिळभर अधिक सुधारले नाहींत. असल्या प्रयोगांची जगभर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०२० सालीं २५ प्रयोगांतील ६७६ रोग्यांचा आढावा घेतला. इतर उपचारांना जोडून केलेला मनाचा सराव हाताच्या कामांत लाभ देतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘जोडून’ हा शब्द मामंजींनीं कृपा करून दोनदां वाचावा.

तेव्हां व्यायाम सोडला हें चुकलें. मनानें कितीही वेळां बोटें उघडलीं तरी आखडलेला स्नायु तेवढ्यानें लांब होत नाहीं. न हलविलेला सांधा धरतो, आणि तीन महिन्यांची ढिलाई पुढें तीन महिन्यांत भरून निघेलच असें नाहीं. फिजिओथेरपिस्टांना याच आठवड्यांत पुन्हा बोलवावें. कण्हणें जर खांद्याचें असेल तर तें त्यांना सांगावें. दुखण्याला उपाय असतात. लुळा हात काखेंत धरून किंवा मनगटाला ओढून उठविण्याची घरच्यांची संवयही पुष्कळदां त्या दुखण्याला कारण होते. पण सकाळचें बसणेंही बंद करूं नये. त्याची रीत बदलावी.

तासभर बसण्याचें कारण नाहीं. वीस मिनिटें ते अर्धा तास पुरे. इतका वेळ मन एका क्रियेवर ठेवणें तरण्या माणसालाही जड जातें. प्रथम पांच मिनिटें अंग सैल सोडून स्वस्थ श्वासोच्छ्वास करावा. नंतर एकच क्रिया घ्यावी. तीही टेबलावरचें फुलपात्र उचलण्याइतकी साधी. आधीं ती चांगल्या डाव्या हातानें प्रत्यक्ष दोन-चार वेळां करावी, आणि करतांना खांद्यांत, कोपरांत, तळव्यांत काय काय होतें तें लक्षपूर्वक टिपावें. मग डोळे मिटून तेंच उजव्या हातांत आणावें. हात मांडीवरून निघाला, कोपर सरळ झालें, फुलपात्राच्या अलीकडे पंजा उघडला, धातूचा गारवा लागला, बोटें वळलीं, भरलेल्या पाण्याचें वजन मनगटावर आलें. हें चित्र समोरून पाहावयाचें नाहीं. स्वतःच्या डोळ्यांनीं आपलाच हात दिसतो तसें, आणि दिसण्यापेक्षां जाणवण्यावर भर देऊन. कोणी तरी या सूचना संथ आवाजांत म्हणून मोबाइलवर मुद्रित करून ठेवाव्या. नातवंडांपैकीं एखादें हें काम आनंदानें करील, आणि त्याच्या आवाजापुढें आजोबांना कंटाळा करतां येणार नाहीं. शेवटीं, उठण्यापूर्वीं, तीच क्रिया उजव्या हातानें जमेल तितकी, आधार देऊन कां होईना, प्रत्यक्ष करावी. ही शेवटची पायरी गाळली तर वरच्या सगळ्यांची किंमत उतरते.

मामंजी खरोखर मनानें हात हलवितात कीं चित्र पाहतात कीं डुलकी घेतात, हें ओळखण्याची एक युक्ति आहे. क्रिया सुरू करतांना त्यांनीं डाव्या हाताचें बोट उचलावें आणि संपतांच पुन्हा उचलावें. दिरांनीं घड्याळ पाहावें. उजव्या हातानें जी गोष्ट करण्यास प्रत्यक्ष दहा सेकंद लागतात ती मनांत दोन सेकंदांत उरकत असेल, तर आंतलें काम नीट चाललेलें नाहीं. ही परीक्षा रागावण्यासाठीं नव्हे. कांहीं रोग्यांचें ध्यान अशा वेळीं सुटतें, तर कांहींना ही कल्पना करतांच येत नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोष नसतो. मेंदूच्या पार्श्विक भागाला इजा झाली असेल तर मनांतली हालचाल व प्रत्यक्ष हालचाल यांच्या वेळेचा मेळ बसत नाहीं, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिरिगू यांच्या अभ्यासांत दिसून आलें. ज्यांना बोललेलें उमगत नाहीं, एका अंगाची जाणीवच हरपली आहे, किंवा मघांचें आतां आठवत नाहीं, त्यांच्यावर या उपायाचा आग्रह धरणें म्हणजे त्यांना छळणें होय. अशांच्या बाबतींत, आणि इतरांच्याही, कधीं कधीं आरसा उपयोगी पडतो. टेबलावर आरसा उभा करून लुळा हात त्याच्या मागें ठेवावयाचा आणि चांगल्या हाताचें प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलविण्याचा प्रयत्न करावयाचा. ही युक्ति तामिळनाडूंत जन्मलेले व पुढें कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेले डॉक्टर रामचंद्रन यांनीं प्रथम हात तुटलेल्या माणसांच्या वेदनांसाठीं वापरली. १९९९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा अर्धांगवायूवरील उपयोग नऊ रोग्यांत प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर तिच्या बाजूनें पुरावा बराच जमला आहे. ज्यास कल्पना करतां येत नाहीं त्याला आरसा ती आयती दाखवितो.

एक गोष्ट सासूबाईंसाठीं लिहावयाची आहे, आणि ती थोडी अवघड आहे. भरल्या घरांतल्या रोग्याला सेवेला तोटा नसतो. पाणी मागण्यापूर्वीं पेला ओठांशीं येतो, सदऱ्याच्या गुंड्या सून लावते, ताटांतली पोळी सासूबाई कुसकरून देतात. अशा घरांत लुळ्या हाताला दिवसभरांत एकही काम उरत नाहीं, आणि ज्या हाताला काम नाहीं त्याचा मेंदूला विसर पडतो. अमेरिकेंतील एडवर्ड टॉब यांनीं या विसराला ‘शिकलेली निरुपयोगिता’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. त्यावर त्यांचा उपाय कठोर आहे : जागेपणींचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा चढवून लुळ्याच हाताकडून कामें करून घ्यावयाचीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या २२२ रोग्यांवरील प्रयोगांत दोन आठवड्यांच्या या शिस्तीचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. आपल्या घरीं मोज्यापर्यंत जाण्याची गरज नाहीं, आणि वैद्यकीय सल्ल्यावांचून तर जाऊंच नये. पण दिवसांतून दोन-तीन कामें अशीं ठरवावीं कीं, तीं मामंजींचा उजवा हात करील, वेळ लागला तरी करील, आणि घरांतलें कोणीही मधें हात घालणार नाहीं. पोळीचा घास त्यांच्या बोटांतून तीनदां निसटतांना पाहणें ही सासूबाईंची परीक्षा आहे. मनानें हात हलविण्यापेक्षां आपला हात मागें घेणें त्यांना अधिक कठीण जाईल, हें मला ठाऊक आहे.

रक्तदाबाचीं व रक्त पातळ करण्याचीं औषधें, मीठ, साखर यांविषयीं पूर्वीं लिहिलें आहे. पुनरुक्ति करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, तोंड वांकडें होणें, हात गळणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं कांहींही पुन्हा दिसलें तर त्या क्षणीं घड्याळ पाहून रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारण साडेचार तासांच्या आंतच देतां येतें.

पत्राच्या शेवटीं बाईंनीं विचारलें आहे कीं, मामंजींना पुन्हा लिहावयाचें आहे आणि ते मनानें रोज अक्षरेंच गिरवितात, तर हें योग्य कीं अयोग्य? इच्छा योग्य आहे, पण पायरी चुकली आहे. अक्षर काढण्यास बोटांचा जो बारीक ताबा लागतो तो सर्वांत शेवटीं येतो, आणि कित्येकदां पुरता येत नाहीं. सात महिन्यांनंतर हें त्यांच्यापासून लपवूं नये. त्यांच्या हाताला आज जें येण्यासारखें आहे तें मोठ्या हालचालीचें काम, आणि तें त्यांनीं आयुष्यभर दिवसांतून दहा वेळां केलेलें आहे : फळा पुसणें. त्याला खांदा व कोपर लागतें, आणि अर्धवट मिटलेल्या पंजांत डस्टर राहूं शकतें. सकाळच्या वीस मिनिटांत त्यांनीं मनानें फळा पुसावा, वरपासून खालपर्यंत, खडूची धूळ बोटांना जाणवेपर्यंत. आणि मग उठून खरोखर पुसावा. फिजिओथेरपिस्टांना विचारून उंची ठरवावी. घरांत नातवंडांचा फळा असेलच. तो भिंतीवरून काढून मामंजींच्या छातीच्या उंचीवर लावावा, आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं कोणीतरी त्यावर काठोकाठ लिहून ठेवावें.